गरोदरपणाचा सातवा आठवडा, सकाळची शाळा आणि दिवसभर मळमळ: काय बदलावं?

औसा_रोड
गरोदरपणाचा सातवा आठवडा चालू आहे. सोनोग्राफी झाली, एकच गर्भ आहे आणि ठोके दिसले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मार्चपासून शाळा सकाळची झाली, त्यामुळं लातूरहून सहाची एस.टी. धरावी लागते. साडेपाचला नुसता चहा होतो. बस सुटली की पोटात ढवळायला लागतं, आणि साडेनऊला पोषण आहाराच्या खिचडीला फोडणी बसली की वर्गात थांबवत नाही. रोज तीन-चार उलट्या होतात, पाणी टिकतं. दुपारी घरी आल्यावर हातपाय गळून जातात. घरचे म्हणतात उपाशीपोटी लिंबू-मध घे. मेडिकलवाल्यानं उलटीची गोळी दिलीय, अजून घेतली नाही. नेमकं काय खावं, गोळी घ्यावी का, आणि रजा कशी वापरावी, हे जाणकारांनी सांगावं.

सिस्टर_परभणी
ताई, आधी चहाचं बघा. रात्रभर रिकाम्या राहिलेल्या पोटात आम्ल साचलेलं असतं, त्यावर चहा पडला की ते आणखी खवळतं. या दिवसांत प्रोजेस्टेरॉनमुळं जठर हळू रिकामं होतं, म्हणून भरपेट जेवलं तरी त्रास आणि उपाशी राहिलं तरी त्रास. दोन्हींच्या मधे राहायचं.

रात्री झोपतानाच उशाशी मूठभर ज्वारीच्या लाह्या किंवा दोन साधे टोस्ट झाकून ठेवा. जाग आली की पडल्यापडल्या खा आणि वीस मिनिटं तशाच पडून राहा. मग आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडून मिनिटभर बसा, त्यानंतरच उभ्या राहा. झटकन उठलं की रक्तदाब उतरतो आणि चक्कर व मळमळ एकदमच येते. सहाची बस असेल तर पावणेपाचचा गजर लावावा लागेल, म्हणजे रात्री नऊला अंथरुणावर. चहा बंद करायची गरज नाही. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासानं अर्धा कप घ्या. चहा-कॉफी मिळून दिवसाचं कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत राहिलं पाहिजे, दोन लहान कप चहात ते सहज राहतं.

लिंबू-मध उपाशीपोटी नको, तेही आम्लच. लिंबू नुसतं हुंगायला मात्र उपयोगी पडतं: अर्धं कापलेलं लिंबू रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवा. बसमध्ये पुढच्या सीटवर खिडकीशी बसा, मागच्या चाकावरची सीट टाळा, मोबाईल पाहू नका, नजर लांब रस्त्यावर ठेवा. काळी प्लास्टिकची पिशवी हाताशी असली की ‘ड्रायव्हरला थांबवावं लागेल’ ही धास्ती जाते. धास्तीनंही उलटी येते, हे खरं आहे.

उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. आम्लानं दातांवरचा थर मऊ झालेला असतो, तो घासला जातो. ग्लासभर पाण्यात पाव चमचा खायचा सोडा टाकून फक्त चूळ भरा, थुंका, आणि अर्ध्या तासानं ब्रश करा.

भाकरी_आणि_पथ्य
सिस्टरांनी सकाळचं सांगितलं, मी डब्याचं सांगते. भूक लागायची वाट पाहायची नाही, घड्याळ पाहून खायचं: दर दोन तासांनी, चार-पाच घास. तुमच्या वेळेत बसवायचं तर बसमधून उतरल्यावर फुटाणे, आठला अर्धा धपाटा, खिचडीची फोडणी बसायच्या आधी सव्वानऊला गार दहीभात किंवा सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा). गरम अन्नाच्या वाफेबरोबर वास नाकात शिरतो, म्हणून गार किंवा कोमट खाणं पोटात टिकतं. सुशीलाला फोडणी कमी, मिरची जवळपास नाही, दाणे मात्र चांगले घाला. नुसत्या मुरमुऱ्यांनी तासाभरात पोट पुन्हा रिकामं होतं. प्रथिनं असली की ते तग धरतं. रात्री झोपताना कपभर दूध किंवा मूठभर शेंगदाणे घेतले तर पहाटेचा त्रास कमी होतो.

खाणं आणि पाणी वेगळं ठेवा. जेवताना दोन घोटांपुरतंच पाणी, उरलेलं अर्ध्या तासानं. शाळेत लिटरची बाटली शेजारी ठेवा, दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट. घटाघटा प्यायलेलं पाणी तसंच बाहेर पडतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात दोन उलट्यांनंतर साधं पाणी पुरत नाही: ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा, २४ तासांत संपवा, उरलं तर टाका. पातळ ताक चालेल, पण घरचं आणि ताजं.

आल्याचा उपयोग आहे, पण त्याला प्रमाण आहे. सुंठ दिवसाला साधारण १ ग्रॅम, म्हणजे लहान अर्धा चमचा, चार भागांत विभागून. आलेपाकाची लहान वडी बसमध्ये चघळायला ठीक. छातीत जळजळ वाढली तर आलं बंद करा. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

संकष्टी, एकादशी हे तीन महिने सोडा. उपवासात दुपारपर्यंत उपाशी आणि मग तेलकट साबुदाणा, म्हणजे मळमळीला दोन्हीकडून निमंत्रण. घरात कुणी आग्रह धरत असेल तर डॉक्टरांच्या तोंडून सांगायला लावा, पटकन पटतं.

औसा_रोड
खूप आभार. गोळीचं कुणीच बोललं नाही. फॉलिकबरोबर लोहाचीही गोळी चालू आहे, ती घेतली की हमखास उलटी होते.

ओपीडी_नांदेड
मेडिकलवाल्यानं दिलेली गोळी घेऊ नका. उलटीसाठी सर्रास मिळणारं ऑन्डॅनसेट्रॉन पहिल्या तिमाहीत पहिली निवड नसतं: या काळात घेतल्यास ओठ-टाळू फाटण्याची शक्यता किंचित वाढते, दर १०,००० बाळंतपणांमागे साधारण ३ जास्तीची बाळं. आकडा लहान आहे, आणि गरज पडली तर डॉक्टर ते देतातही. पण तो निर्णय तुमचं वजन आणि लघवी पाहून व्हायला हवा, काउंटरवर नव्हे.

गर्भारपणात आधी वापरतात ती डॉक्सिलामीन १० मिलिग्रॅम आणि पायरिडॉक्सिन (बी-६) १० मिलिग्रॅम यांची जोडगोळी. ती चिठ्ठीवरच घ्यायची. नेहमीची पद्धत म्हणजे रात्री झोपताना दोन. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर सकाळी एक आणि दुपारी एक वाढवतात. सगळ्यांची चूक इथंच होते: उलटी झाल्यावर गोळी घेतात आणि ‘फरक नाही’ म्हणून सोडून देतात. हिचा परिणाम सुरू व्हायला काही तास लागतात, म्हणून पहाटेसाठी ती रात्रीच घ्यायची, रोज घ्यायची, फोडायची-चघळायची नाही. हिनं गुंगी येते. त्या दिवसांत स्कूटी चालवू नका. सकाळी फार सुस्ती राहिली तर डोस कमी करायला विचारा, आपल्या मनानं बंद करू नका.

लोह: सरकारी कार्यक्रमातही पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक आम्ल ४०० मायक्रोग्रॅम असतं, लोहाची गोळी (६० मिलिग्रॅम) चौथ्या महिन्यापासून. तुमचं हिमोग्लोबिन ११ च्या वर असेल तर लोह पुढं ढकलता येईल का ते विचारा. फॉलिक मात्र एकही दिवस चुकवू नका. रात्री घेतलं तरी चालतं.

थकव्याचं सगळं खापर गर्भारपणावर फोडू नका. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर आणि लघवी, या चार तपासण्या झाल्या नसतील तर या आठवड्यात करा. तिन्ही रक्ततपासण्या एकाच वेळच्या रक्तात होतात. लघवीतला जंतुसंसर्ग कधी जळजळीशिवाय, नुसत्या उलट्या आणि थकव्यानं दिसतो.

पुढचं काहीही दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा:
— २४ तास पाणीही टिकत नाही
— आठ तास लघवी नाही, किंवा अगदी गडद होते
— वजन गरोदरपणाआधीच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घटलं (५० किलोला अडीच किलो)
— उलटीत रक्त, ताप, पोटात दुखणं, अंगावरून रक्त जाणं
— डोळे पिवळे दिसणं. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई ची कावीळ गरोदर बाईला फार जड जाते, म्हणून टँकरचं-बोअरचं पाणी उकळूनच.

बरेच दिवस उलट्या झालेल्या बाईला सलाईन लावताना ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी-१) द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. दवाखान्यात ‘किती दिवस झाले’ हे न विसरता सांगा. वजन दर सोमवारी, एकाच काट्यावर, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर करून वहीत लिहा. बहुतेकींच्या मळमळीचा जोर नवव्या आठवड्याच्या आसपास सर्वात जास्त असतो आणि बारा ते सोळा आठवड्यांत ओसरतो.

रजा_वही
रजेचं थोडक्यात. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला प्रसूती रजा १८० दिवस, तिला आत्ता हात लावायचा नाही. आजारासाठी परिवर्तित रजा घ्या: वैद्यकीय प्रमाणपत्रावर पूर्ण पगारी मिळते, पण एका दिवसामागं अर्धवेतनी रजेचे दोन दिवस खर्ची पडतात. आधी सेवापुस्तकात अर्धवेतनी किती शिल्लक आहे ते बघा. प्रमाणपत्रावर ‘अशक्तपणा’ एवढंच नको, गर्भारपणातील उलट्या, आठवडा आणि विश्रांतीचे दिवस स्पष्ट हवेत. खासगी नोकरी असणाऱ्यांनी लक्षात ठेवा: प्रसूती रजेव्यतिरिक्त गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारासाठी एक महिन्यापर्यंत पगारी रजा कायद्यात आहे, पुरावा द्यावा लागतो.

मुख्याध्यापकांना तोंडी सांगून दोन गोष्टी आजच मागा: स्वयंपाकखोलीपासून लांबचा वर्ग, आणि खिचडीच्या वेळी मैदानावरचा तास. त्याला कुठलाही आदेश लागत नाही.

सिस्टर_परभणी
आणि वर्गात खुर्ची. फळ्यावर एका दमात लिहू नका. पाच-सात ओळी झाल्या की बसून वाचून घ्या. उभं राहावंच लागलं तर टाचा वर-खाली करत राहा, पायात रक्त साचत नाही आणि भोवळ टळते. दुपारी घरी आल्यावर आधी चार घास, मग तासभर झोप, भांडी-धुणं नंतर. फोडणीचं काम दोन महिने दुसऱ्या कुणीतरी करावं. घरचे हे वाचणार असतील तर त्यांच्यासाठी लिहितेय.