दोन टर्बोंच्या डिझेल इंजिनासाठी पाइपांचा व्यास कसा ठरवावा?

प्रश्न: तीन लिटरच्या डिझेल इंजिनाला मी मोठा आणि लहान असे दोन टर्बो (एक्झॉस्ट वायूच्या जोरावर इंजिनात हवा दाबून भरणारी यंत्रे) एकामागोमाग जोडत आहे. सर्वत्र ७६ मिमी व्यासाचाच पाइप वापरावा, की टप्प्यानुसार व्यास बदलावा?

पहिले उत्तर: बदलावा, कारण दाबलेली हवा कमी जागा घेते. आपले इंजिन ४००० आरपीएमला सेकंदाला सुमारे १०० लिटर हवा ओढते. इंटरकूलरनंतर (दाबल्याने तापलेली हवा थंड करणाऱ्या भागानंतर) हवेची घनता बाहेरच्या तिप्पट धरली, तर फिल्टरमधून सेकंदाला ३०० लिटर हवा जावी लागते. ७६ मिमीच्या पाइपात तिचा वेग सेकंदाला ६६ मीटर होतो, तर इंटरकूलरनंतरच्या ६३ मिमीच्या पाइपात तो जेमतेम ३२ मीटर असतो. म्हणून फिल्टरकडील पाइप शक्यतो ८९ मिमीचा घ्यावा आणि इंटरकूलरनंतर ६३ मिमीवर निर्धास्त राहावे. दोन्ही टर्बोंच्या कॉम्प्रेसरांच्या (हवा दाबणाऱ्या भागांच्या) मधल्या पाइपातील हवा तापलेली असल्याने तिची घनता दाबाच्या प्रमाणात वाढत नाही. तेथे ७६ मिमीच योग्य.

दुसरे उत्तर: एक्झॉस्टकडे क्रम उलटा असतो. मॅनिफोल्डपासून (सिलिंडरांतील जळालेला वायू एकत्र करणाऱ्या नळीपासून) लहान टर्बोच्या टर्बाइनपर्यंतचा (त्या वायूने फिरणाऱ्या चाकापर्यंतचा) मार्ग आखूड आणि अरुंद ठेवावा, म्हणजे वायूची उष्णता व स्पंदने टिकतात. मोठ्या टर्बाइननंतर मात्र पाइप जितका मोकळा, तितका चांगला.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. जागेअभावी फिल्टरजवळ दोन काटकोनी वळणे घ्यावी लागतील. ती चालतील का?

पहिले उत्तर: चालतील, परंतु वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान दीडपट असावी आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाशी थोडा सरळ भाग अवश्य सोडावा.