पिकअपच्या डिफरन्शियलमध्ये नेमकं कुठलं गिअर ऑइल? पुढे-मागे एकच चालेल का?

ट्रेलर_जोडी:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे फोर बाय फोर पिकअप आहे, सेकंडहँड घेतलेली, मॅन्युअल सोबत आलंच नाही. मागे ट्रेलर लावून बऱ्यापैकी वजन ओढतो, चढही बरेच लागतात. आता दोन्ही डिफरन्शियलचं (ॲक्सलमधला, डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणारा गिअरसंच) ऑइल बदलायचंय, आधीच्या मालकाने कधी बदललं होतं देव जाणे. एक मेकॅनिक म्हणतो ८५डब्ल्यू-१४० टाका, जाड ऑइल म्हणजे गिअरला संरक्षण जास्त. दुसरा म्हणतो ७५डब्ल्यू-९० शिवाय काही टाकू नका. डब्यावर परत कुठे जीएल-४ कुठे जीएल-५ आणि एका डब्यावर एलएस पण लिहिलंय. एकच मोठा डबा आणून पुढे, मागे आणि गिअरबॉक्समध्येही तेच टाकलं तर चालेल का? जरा नीट समजावून सांगा, डबा फोडायच्या आधी कळलेलं बरं.

क्राउन_पिनियन:
दादा, डबा फोडायच्या आधी विचारलंत हे उत्तम केलंत. आधी गिअरबॉक्सचं सांगतो कारण नुकसान तिथेच जास्त होतं. जीएल म्हणजे गिअर ऑइल किती दाब सोसतं याचा दर्जा. डिफरन्शियलला जीएल-५ लागतं आणि तेच ऑइल मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये डोळे मिटून टाकायचं नसतं.

कारण असं की आपल्या पिकअपच्या मागच्या ॲक्सलमध्ये बहुतेक वेळा हायपॉइड क्राउन-पिनियन असतात, म्हणजे छोट्या गिअरचा, पिनियनचा, आस तो ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरच्या, क्राउनच्या, मध्यावर नसतो, थोडा खाली सरकवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत तर प्रचंड दाबाखाली घसटतात. एवढ्या दाबात साधा ऑइलचा थर टिकत नाही, म्हणून जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसवाले ईपी, म्हणजे प्रचंड दाबासाठीचे, ॲडिटिव्ह भरपूर असतात. दात तापले की ते लोखंडाशी रिॲक्शन करून वर एक पातळ थर धरतात आणि धातूला धातू चिकटू देत नाहीत. गिअर ऑइलला तो जो उग्र वास येतो ना, तो या गंधकाचाच.

आता गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर रिंग, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या, बऱ्याचदा पितळेच्या असतात. हे ॲडिटिव्ह गरम झाल्यावर पितळ खाऊ शकतात, आणि दुसरं म्हणजे रिंगला काम करायला थोडं घर्षण लागतं, ऑइल फार निसरडं असलं की गिअर पडताना खरखर होते. म्हणून गिअरबॉक्सला कंपनीने जे सांगितलंय तेच, बहुतेक जीएल-४ किंवा वेगळंच काही. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारा गिअरचा खोका, पण तिसरीच गोष्ट, कित्येक गाड्यांत तिथे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड जातं. तिन्हीचं मिळून एकच ऑइल असं गृहीत धरू नका. आणि उलट बाजूने, हायपॉइड डिफरन्शियलमध्ये जीएल-४ वर भागवणं तर अजिबात नको, वजन ओढताना दात खरवडले जातील.

जुना_पाना:
वरच्या भाऊंनी जीएलचं बरोबर सांगितलं, पण जाडीबद्दल मी पहिल्या मेकॅनिकच्या बाजूचा आहे. गरम हवा, चढ, मागे ट्रेलर असं असेल तर १४० च पाहिजे, ९० गरम झालं की पाण्यासारखं होतं. जुन्या गाड्यांत आम्ही कायम जाडच टाकत आलोय आणि आवाजही कमी येतो.

क्राउन_पिनियन:
पाना भाऊ, मागच्या ॲक्सलला भरपूर वजन असेल तर १४० ला जागा आहे हे मान्य, काही कंपन्या जड ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला स्वतःच ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक सांगतात. पण ७५डब्ल्यू-१४० आणि ८५डब्ल्यू-१४० यात मोठा फरक आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा ऑइल गरम असतानाचा. ७५डब्ल्यूची चाचणी उणे ४० अंशाला होते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला आणि ८५डब्ल्यूची उणे १२ ला. थंडीत ऑइल घट्ट राहिलं तर काय होतं ते बघा. पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला ऑइल स्वतःहून पोचत नाही, क्राउन खाली ऑइलमध्ये बुडून फिरतो, वर उडवतो आणि हौसिंगमधल्या खाचेतून ते पुढे वाहत जातं. गार सकाळी घट्ट ऑइल त्या खाचेतून सावकाश सरकतं आणि तेवढा वेळ ते बेअरिंग जवळपास कोरडं चालतं. शिवाय जाड ऑइल घुसळायलाच ताकद जाते, त्यानेही उष्णता वाढते आणि डिझेल जास्त पितं.

आणि ९० गरम झाल्यावर पाण्यासारखं होत नाही. १०० अंशाला ९० ग्रेड १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्समध्ये (ऑइलची जाडी मोजायचं एकक) बसायला लागतो, १४० म्हणजे २४ ते ३२.५. तुलनेला ४० नंबरचं इंजिन ऑइल त्याच तापमानाला १२.५ ते १६.३ असतं. म्हणजे गिअर ऑइलचा ९० आकडा ऐकून ते इंजिन ऑइलच्या दुप्पट जाड असेल असं वाटतं, तसं नाही, मोजपट्टीच वेगळी आहे. तेव्हा आकडा बघून जास्त ते चांगलं असा हिशोब करू नका. आवाज कमी आला म्हणजे गिअर वाचला असंही नाही, जाड ऑइल झिजलेल्या बेअरिंगचा आवाज नुसता दाबून ठेवतं.

हळू_पण_नक्की:
ट्रेलरवाले दादा, डब्यावरचा एलएस राहिलाच की. तो लिमिटेड स्लिप डिफरन्शियलसाठी असतो, म्हणजे जे एकच चाक नुसतं फिरत बसू देत नाही. त्यात क्लच प्लेटा असतात आणि त्यांना ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण जुळवणारं ॲडिटिव्ह, लागतं, नाहीतर सावकाश पूर्ण वळण घेताना मागून कडकड, थरथर येते. तुमच्या गाडीत आहे की नाही ते आधी बघा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी (चाक सरकू नये म्हणून दगड किंवा पाचर) लावा, गाडी टू-व्हील ड्राइव्हवर आणि न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा, मागची दोन्ही चाकं उचलून ॲक्सलखाली भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीजवळ कुणीही बसायचं नाही, प्लीज. आता एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर साधं ओपन डिफरन्शियल, त्याच दिशेने फिरलं तर लिमिटेड स्लिप. फक्त प्लेटा खूप झिजल्या असतील तर लिमिटेड स्लिपमध्ये पण उलटं फिरू शकतं, म्हणून खात्री हवी तर ॲक्सलवरची पट्टी किंवा दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरचा कोड बघा, नाहीतर चॅसिस नंबर देऊन कंपनीच्या पार्ट काउंटरला विचारा. ऑइलचा ग्रेड पण तिथेच कळेल, दोन मेकॅनिकच्या भांडणापेक्षा ते खात्रीचं.

ओपन असेल तर मॉडिफायरची गरज नाही. गिअरवालं लिमिटेड स्लिप, म्हणजे ज्यात क्लच प्लेटा नसतात, त्यालाही सहसा लागत नाही. क्लचवालं असेल तर आधी डब्याची मागची बाजू वाचा, एलएस लिहिलेल्या ऑइलमध्ये मॉडिफायर बहुधा मिसळलेलं असतं. वरून अजून बाटली ओतली तर प्लेटा जास्तच निसटतात आणि चिखलात एक चाक नुसतं फिरत बसतं. भरून झाल्यावर मोकळ्या मैदानात सावकाश इंग्रजी आठच्या आकड्यात थोडे फेरे मारा, नवीन ऑइल प्लेटांमध्ये शिरतं.

ट्रेलर_जोडी:
खूप खूप आभार तिघांचे. कोड सापडला, पार्ट काउंटरवरून कळलं की मागे क्लचवालं लिमिटेड स्लिप आहे आणि ट्रेलर ओढत असाल तर ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक जीएल-५, पुढे ओपन आहे आणि ७५डब्ल्यू-९०. म्हणजे पुढे-मागे एकच नाही हे ठरलं. पुढचं वेगळं का असतं हे मात्र अजून कळलं नाही, आणि बदलताना काय काय बघू?

क्राउन_पिनियन:
पुढचा ॲक्सल टू-व्हीलवर चालताना वजन ओढतच नाही, जोर सगळा मागच्यावर, म्हणून पुढे पातळ पुरतं आणि फिरायलाही हलकं जातं.

बदलताना पहिला नियम, ड्रेन नटाला हात लावायच्या आधी वरचा फिलर प्लग उघडतोय का ते बघा. खालून सगळं ऑइल सांडलं आणि वरचा प्लग गंजून जाम निघाला तर गाडी जागेवर बसली. गाडी थोडी चालवून कोमट असताना काढा, गाळ बरोबर निघतो. काही ॲक्सलला ड्रेनच नसतो, मागचं झाकण खोलावं लागतं, मग गॅस्केट किंवा सिलिकॉन नवीन लावायचं आणि सुकायला वेळ द्यायचा.

जुनं ऑइल फेकायच्या आधी नीट बघा. ड्रेन नटाच्या चुंबकावर राखाडी पेस्ट असेल, बोटावर घासली आणि मलमासारखी मऊ लागली, तर ती नेहमीची झीज आहे. बोटाला कण टोचले, चकाकणारे पापुद्रे किंवा दाताचा तुकडा दिसला तर ऑइल भरून गप्प बसू नका, झाकण खोलून आतले दात बघा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. गरम ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर, म्हणजे ॲक्सलची हवा जायची-यायची वाट, तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं, म्हणून ब्रीदर साफ करणं याच कामात धरा.

जुना_पाना:
कंपनीचा ग्रेड हातात आहे म्हटल्यावर माझा पण आग्रह नाही, तेच टाका. एक माझ्याकडून. रॉकेल, डिझेलने हौसिंग धुवायला कुणी सांगितलं तर करू नका, थोडं तरी आत राहतं आणि नवीन ऑइल पातळ करतं. नटाचं वायसर नवीन टाका. गाडी सपाट जागेवर ठेवून भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल आलं की थांबा, कंपनीने वेगळी लेव्हल दिली असेल तर ती पाळा. जास्त भरलं की फेस होतो आणि ते ब्रीदरमधून नाहीतर ॲक्सल सीलमधून बाहेर येतं, सीलमधून आलेलं थेट ब्रेकवर जातं.

हळू_पण_नक्की:
आणि पहिला मोठा ट्रेलर ओढून आल्यावर मागच्या चाकांची आतली बाजू आणि पिनियन सीलखाली बघा, ओल दिसते का. गाडी गार झाल्यावर फिलर प्लग उघडून लेव्हल परत तपासा. मागून गुणगुण येत असेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर येते की सोडल्यावर, ते लक्षात ठेवून इथे लिहा, त्यावरून क्राउन-पिनियनचं सेटिंग की बेअरिंग ते बऱ्यापैकी सांगता येतं.