मिक्सर, ओटीजी, टोस्टर: घरी रंगवलेल्यांचे अनुभव लिहा

आमचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, आतून ठणठणीत आहे, पण वरच्या पत्र्याला पोपडे आलेत. स्वयंपाकघरातलं असलं काही तुम्ही घरी रंगवलं असेल तर सविस्तर लिहा. रंग कुठला, टिकला का, पुन्हा कराल का? 'नवीन घे' हा सल्ला घरातच फुकट मिळालाय, तो नको.

खाडीकाठ, रत्नागिरी
आमच्याकडे खाऱ्या हवेने मायक्रोवेव्हच्या पत्र्याला खालच्या कडेने गंज धरला होता. स्प्रे मारणं हे पाच-दहा मिनिटांचं काम, खरा रविवार जातो घासण्यात. आधी 120 नंबरचा पॉलिश पेपर, पत्रा चकाकेपर्यंत. मग 220. त्यावर रेड ऑक्साइड प्रायमर, तो वाळल्यावर 400 नंबरने पाणी लावून हलकं घासायचं. रंगाचे हात पातळच द्या, जाड दिला की ओघळ आलाच. हवेच्या जाळ्या कागद लावून बंद केल्या. कव्हर मात्र उघडू नका. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज साठून राहू शकते. आणि पावसाळ्यात हा उद्योग नकोच, दमट हवेत लॅकरवर, म्हणजे पटकन वाळणाऱ्या रंगावर, पांढुरकी झाक येते.

रिकामटेकडी, डोंबिवली
माझा मिक्सर, एबीएस प्लास्टिकचा. थिनरने पुसा असं दुकानदार म्हणाला. तळाला एक थेंब लावून बघितला, तर प्लास्टिक चिकट व्हायला लागलं! मग भांड्यांच्या साबणाने पुसून, नीट वाळवून, प्लास्टिकचा प्रायमर मारला. रंग छान बसला, फक्त बटणाभोवती रोज बोटं लागतात तिथे उडालाय. एक सांगते, डाग हळदीचे असतील तर रंगाच्या फंदात पडूच नका. प्लास्टिकचा भाग उन्हात ठेवा, हळद उन्हाने उडते. जुनाट पिवळेपणा मात्र प्लास्टिकचाच असतो, तो तसा जात नाही.

पत्रावाला, कोल्हापूर
वेट ग्राइंडरचं स्टँड पावडर कोटिंगला, म्हणजे रंगाची पूड भाजून बसवायला, दिलं. हे घरी होत नाही, भट्टीत साधारण 180 ते 200 अंशांना भाजतात. त्यामुळे वायर, रबरी पाय, प्लास्टिक सगळं काढून नुसता धातू द्यायचा. आता सगळे विसरतात ती गोष्ट: अर्थिंगचा स्क्रू बसतो तिथला पत्रा कोरा ठेवा. रंगाच्या थरावर स्क्रू आवळला तर अर्थिंग नावापुरतं उरतं. कोटिंगवाल्याला तिथे टेप लावायला सांगा आणि परत आल्यावर बघून घ्या.

सांगलीची आत्या
आमचा मिक्सर जुना, धातूच्या अंगाचा. ब्रशने ऑइलपेंटचे दोन हात दिले, झकास दिसतो. पण बाळांनो, जुना रंग कोरडा खरवडू नका. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, आधीच्या रंगात काय असेल कोण जाणे. पाणी लावूनच घासा, नातवंडांना बाहेर पाठवा आणि चिखल कागदात गुंडाळून टाका, मोरीत नको.

अर्धा_कप, नाशिक
टोस्टर आमच्या यादीतून बाद. खाचेच्या कडेला तारा लालबुंद होतात, तिथे कुठलाही रंग पावाच्या वाटेतच येणार. मी तो खरचटलेलाच वापरतोय.

मूळ प्रश्नकर्ता
मग ओटीजीचं काय? वरचा पत्रा चांगलाच तापतो.

पत्रावाला, कोल्हापूर
साधा इनॅमल पिवळा पडेल. उष्णतारोधक स्प्रे घ्या, डब्यावर 600 अंश वगैरे लिहिलेलं असतं. फक्त बाहेरून मारा. आत आणि दाराच्या आतल्या कडेला थेंबही नको. हे रंग तापल्यावरच पक्के होतात, म्हणून पहिल्यांदा ओटीजी रिकामा, गॅलरीत चालवा, वास बराच येतो. आणि काचेभोवतीची टेप रंग थोडा ओला असतानाच ओढा, कडक झाल्यावर काढली तर कड उचकटते.