टीडीची दोन इंजेक्शनं झालीत, तरी टीडॅप घ्यायची का? घरच्यांनी काय काय घ्यावं?

नमस्कार. बडोद्याहून लिहिते आहे. पहिलटकरीण आहे, एकोणतिसावा आठवडा सुरू आहे. ममता कार्डावर (गरोदरपणातल्या तपासण्या-लसींची नोंद असते ते) टीडीचे दोन्ही डोस लिहिलेले बघून मी निर्धास्त होते. परवा डॉक्टर म्हणाल्या, टीडीत धनुर्वात आणि घटसर्प एवढंच असतं, डांग्या खोकला नाही. २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान टीडॅप घेऊन टाक, तिच्यात तोही असतो. घरी सासूबाईंनी विचारलं, "झालीत ना सगळी इंजेक्शनं? मग हे आणखी कुठलं?" मला नीट सांगता आलं नाही.

पण डांग्या खोकला म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. दादाचा मुलगा पाच आठवड्यांचा होता. डांग्या खोकल्यासकट पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोस सहाव्या आठवड्यात, तो व्हायचाच होता. डांग्या खोकल्यात म्हणे उबळीनंतर 'हूप' असा आवाज येतो. ह्याला तसलं काहीच नव्हतं. दूध पिता पिता मधेच थांबायचा, ओठ निळे पडायचे, आणि वहिनी त्याचे तळपाय चोळत "घे रे श्वास, घे" म्हणत राहायची. बारा दिवस दवाखान्यात होता. आता तीन वर्षांचा आहे, ठणठणीत. तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात कुणाला खोकला आहे? दादा तीन आठवडे खोकत होता. आम्ही सगळे म्हणत होतो, हवा बदलली आहे. लहानपणी ट्रिपल (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) घेतलेली असते, पण तिचा जोर एवढी वर्षं टिकत नाही, हे तेव्हा कळलं.

आमचं घर दांडिया बाजारात, माणसांनी भरलेलं. हे रोज मकरपुऱ्याच्या कारखान्यात जातात, सासरे त्रेसष्ट वर्षांचे, त्यांना डायबेटीस. बारशाला सगळा गोतावळा येणार आणि जो तो बाळाला घ्यायला बघणार. यांनी आणि सासू-सासऱ्यांनीही टीडॅप घ्यावी का, आणि कधी? फ्लूची लस मी आत्ता घेतली तर चालते का? ज्यांनी घेतली आहे त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी एकतिसाव्या आठवड्यात घेतली. दोन दिवस दंड दुखला, बाकी काही नाही. तुझ्या अंगात तयार झालेली प्रतिद्रव्यं नाळेतून बाळाला मिळतात, म्हणून बाळंतपणानंतर घेण्यापेक्षा आत्ताच घे. टीडीनंतर किती दिवसांनी ते डॉक्टरांना विचार. घरच्यांनी बाळ यायच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी, लस लागू व्हायला तेवढा वेळ लागतो. फ्लूची इंजेक्शनवाली लस गरोदरपणात चालते, आणि तू घ्यावीसच, कारण बाळाला सहा महिन्यांपर्यंत ती देता येत नाही. गोवर-गालगुंड-रुबेलाची मात्र आत्ता घ्यायची नाही, ती बाळंतपणानंतर. आणि खोकणाऱ्या माणसाला बाळाजवळ येऊ देऊ नकोस, मग तो कितीही जवळचा असो. बारशाला वाईट वाटलं तर वाटू दे.

मूळ लेखिका:
मनापासून आभार. सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. दादाच्या बाळाचं त्यांना इतकं तपशिलात माहीत नव्हतं, गप्प बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सोमवारी तुझ्याबरोबर मलाही ने. आणि आधी डॉक्टरांना फोन करून विचार, मला त्याच दिवशी देतील का."