पोलीस भरती करणाऱ्या मुलांना दाखवण्यासारखे गुन्हेविषयक माहितीपट सुचवा (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मी वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावची पोलीस पाटील. गावातली नऊ पोरं-पोरी भरतीची तयारी करतात. पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात, दिवसा कापूस वेचतात, रात्री ग्रामपंचायतीच्या खोलीत पुस्तकं घेऊन बसतात. रविवारी जेवणं झाली की माझ्या घरी टीव्हीसमोर जमतात. तिथे मी त्यांना खऱ्या गुन्ह्यांवरचे माहितीपट दाखवायला सुरुवात केली आहे.

कारण सांगते. मी पाटील व्हायच्या आधी आमच्या शिवारातल्या विहिरीत एक बाई सापडली. ठाणं लांब, पोलीस पोचेपर्यंत अर्धं गाव काठावर. कुणी तिच्या चपला उचलून घरी नेऊन दिल्या, कुणी बादलीचा दोर गुंडाळून ठेवला, बायांनी काठावरचा चिखल धुऊन काढला. सगळ्यांनी चांगल्या मनानं केलं. पण तिचा पाय घसरला, तिनं उडी घेतली की कुणी ढकललं, हे आजही कुणाला सांगता येत नाही. तिची आई बाजारात भेटली की माझा हात धरून तेच विचारते. उद्या या नऊ जणांतलं कुणी शिपाई झालं, तर अशा काठावर सगळ्यात आधी तेच पोचणार आहे. म्हणून मला ‘कसं मारलं’ दाखवणारे नकोत, ‘कसं कळलं’ आणि ‘कुठे चुकलं’ हे दाखवणारे हवेत.

आतापर्यंत दोन पाहिले. पहिला ‘इंडियन प्रिडेटर : मर्डर इन अ कोर्टरूम’. उमेश कुलकर्णींचा, २०२२ चा, तीन भागांचा, नेटफ्लिक्सवर. आपल्या नागपूरचीच घटना. कस्तुरबानगरच्या वस्तीला वर्षानुवर्षं छळणाऱ्या अक्कू यादवला १३ ऑगस्ट २००४ ला भर न्यायालयात जमावानं मारलं, आणि २०१४ साली पुराव्याअभावी आरोपी सुटले. मारल्याचा भाग आला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला ते लागलं, पण मी थांबवलं नाही. सगळं संपल्यावर मागे बसलेली एक पोरगी म्हणाली, “काकू, बाया पहिल्यांदा गेल्या तवाच त्यांची रिपोट नीट घेतली असती तं ही पाळीच आली नसती ना?” त्यावर रात्री साडेअकरापर्यंत बोलणं चाललं. मला हवं होतं ते एवढंच.

दुसरा ‘हाउस ऑफ सीक्रेट्स : द बुराडी डेथ्स’, २०२१ चा. दिल्लीत २०१८ मध्ये एकाच घरातले ११ जण गेले त्याबद्दल. घरात सापडलेल्या ११ वह्या वाचून तपास कसा पुढे सरकला, हे फार चांगलं दाखवलंय. मात्र विषय जड आहे, कोवळ्या वयाच्या मुलांना एकट्यानं बघू देऊ नका. तिसरा एक लावला होता, त्यात खून पुन्हा पुन्हा रंगवून दाखवत होते. अर्ध्यातच बंद केला.

आणखी एक अडचण. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलम १७६ प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी यायचं आहे, कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. पोरं हे पाठ करतात, पण प्रत्यक्षात जागा कशी राखतात, नमुना कसा उचलतात, हे त्यांनी कधी पाहिलेलं नाही. असं काही हिंदी-मराठीत आहे का? दीड तासाच्या आत बसणारं असलं तर बरं, कारण सोमवारी पहाटे पुन्हा धावायचं असतं. आणि सगळं माझ्या मोबाईलच्या डेटावर चालतं.

प्रतिसाद —
ताई, मी पुसदचा. ‘करी अँड सायनाइड’ दाखवा, २०२३ चा, साधारण दीड तासाचा. केरळातल्या कूडत्तायीची गोष्ट. २००२ ते २०१६ या काळात एकाच गोतावळ्यातली सहा माणसं गेली. एकाचंच शवविच्छेदन वेळेवर झालं, २०११ मध्ये, त्यात सायनाइड निघालं, तरी आत्महत्या समजून विषय मिटवला. पुढे घरच्याच लोकांनी पाठपुरावा केला, तेव्हा २०१९ मध्ये पुरलेले मृतदेह बाहेर काढले. माहितीपट आला तेव्हा खटला चालूच होता, म्हणून पोरांना ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ यांतला फरक आधी समजावून सांगा. बोलणं बरंचसं मल्याळम आणि इंग्रजी आहे, खालच्या ओळी वाचाव्या लागतील.

प्रतिसाद —
पाटीलताई, माझं मत वेगळं आहे. जुना आहे, इंग्रजी आहे, तरी ‘द थिन ब्लू लाइन’ सोडू नका. एरॉल मॉरिस यांचा, १९८८ चा. अमेरिकेतल्या डॅलसला १९७६ मध्ये एका पोलिसाचा गोळी घालून खून झाला आणि भलत्याच माणसाला फाशी सुनावली गेली, पुढे ती जन्मठेपेवर आली. त्याच्या विरुद्ध मुख्य साक्ष देणाऱ्या पोराकडेच शेवटी संशय वळतो. चित्रपट आल्यावर प्रकरण पुन्हा उघडलं आणि १९८९ मध्ये तो माणूस सुटला. यात एकच प्रसंग प्रत्येक साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणे वेगवेगळा करून दाखवलाय. जबाब घेताना काय काय निसटतं, ते शिकवायला याहून चांगलं मी पाहिलेलं नाही. दर दहा मिनिटांनी थांबवून तुम्ही मराठीत सांगा. ‘मेकिंग अ मर्डरर’ मात्र आत्ता नको. पहिलं पर्वच दहा भागांचं आहे, शिवाय ते आरोपीच्या बाजूला झुकलेलं आहे.

धागाकर्ती —
दोघांचेही मनापासून आभार. पुसदच्या भाऊंनी सांगितलेला काल पाहिला. खालच्या ओळी एक पोरगा मोठ्यानं मराठीत सांगत गेला, पोरांनी ताण घेतला नाही. शवविच्छेदनाचा भाग संपल्यावर त्यानंच विचारलं, “काकू, आपल्या विहिरीवरच्या बाईचं झालं होतं का?” झालं होतं. पण चपला कुठे आणि कशा पडल्या होत्या, हे कागदावर कुठेच नाही. मग आज सकाळी आम्ही त्याच विहिरीवर गेलो. घटना कळली तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, दोरी कुठून कुठे बांधायची, लोकांना कुठे उभं करायचं, हे प्रत्यक्ष करून पाहिलं. तिची आईही येऊन बांधावर बसली होती.

डॅलसचा पुढच्या रविवारी लावते. घटनास्थळ राखण्यावर हिंदीत काही सापडलं तर इथेच लिहा, मी रोज रात्री नऊनंतर बघते.