सार्वजनिक फोनचा कप्पा किती उंचीवर ठेवायचा?

शाहूपुरीकर
सीबीएस स्टँडजवळच्या धर्मशाळेत, वेटिंग हॉलच्या भिंतीला सार्वजनिक फोन बसवायचा आहे. सिमवरचा टेबल फोन आहे, कप्पा उद्यमनगरातून करून घेणार. व्हीलचेअरवाले, अंध, कमी ऐकू येणारे, सगळ्यांना जमेल असं माप सांगा.

वेल्डिंगवाला
कप्प्याची वरची बाजू ७५० मिमी, खाली गुडघ्याला ७०० मोकळं. मधे राहिले ५०. फॅब्रिकेटर सवयीनं ४० चा बॉक्स पाईप लावतो, वर १८ चा प्लाय, झाले ५८ आणि गुडघा घासला. २५ चा पाईप सांगा. समोर ९०० बाय १२०० फरशी मोकळी हवी. तिथं बाकडं येणार हे धरून चाला, जागा पिवळ्या पट्ट्यानं आखून ठेवा. रिसीव्हरची वायर ताणून ७५० तरी यावी.

पांढरी काठी
थांबा राव, हाच कप्पा अंध माणसाला घातक आहे. काठी जमिनीलगत फिरते. ६८० च्या वर भिंतीतून १०० मिमीपेक्षा जास्त बाहेर आलेली वस्तू तिला लागतच नाही, थेट पोटात बसते. आणि गुडघ्यासाठी तर तुम्ही खालची जागा मोकळीच ठेवताय. दोन्ही बाजूंना फरशीपर्यंत पत्रा उतरवा, आत ९०० अंतर ठेवून. काठी पत्र्याला लागते, खुर्चीही आत जाते. बटणांत ५ वर उठावाचा ठिपका आहे का ते दुकानातच बोटानं बघा. टचस्क्रीनचा फोन नकोच.

कानयंत्र
आवाज वाढवायचं बटण रिसीव्हरवरच असलेलं बरं. श्रवणयंत्र टी-मोडवर टाकलं की ते रिसीव्हरचं चुंबकीय क्षेत्र पकडतं, पण जुन्या चोकची ट्यूब जवळ असेल तर नुसती घरघर. तिथं एलईडी लावा. टूजी सिमच्या फोनचीही कानयंत्रात टर्रटर्र येते, म्हणून अँटेना रिसीव्हरपासून लांब ठेवा. पूर्ण बहिऱ्यांना मात्र यातलं काहीच उपयोगाचं नाही. खुणांच्या भाषेत व्हिडिओ कॉल करायला वायफाय, चार्जिंग पॉइंट, मोबाईल टेकवायला स्टँड आणि तोंडावर पडणारा उजेड द्या. पाठीमागे खिडकी असली की हात काळे दिसतात.

शाहूपुरीकर
भिंतीत जुना कोनाडा आहे, फरशीपर्यंत. रुंदी ८००, खोली ५५०. चालेल?

पांढरी काठी
मग पत्रा कशाला? कप्पा कोनाड्याच्या आतच बसवा, बाहेर काही डोकावू देऊ नका. खोली ६०० च्या आत आहे, त्यामुळं ८०० रुंदी भागते. त्याहून खोल असता तर ९०० लागली असती. उंबरा असेल तर तेवढा फोडून घ्या.