रोबोटचं सर्किट आपणच जोडायचं, तर वर थेट कंट्रोल कशाला?

ताम्रतार (धागालेखक)

रोबोटचा ॲक्शन गेम असेल आणि त्याचं सर्किट आपण जोडत असू, तर रोबोट त्या सर्किटनेच चालला पाहिजे. कीबोर्डवरून थेट ताबा देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

निमित्त 'निंबाटस'चं. झुरिकच्या स्ट्रे फॉन स्टुडिओ या छोट्या चमूचा, २०२० मध्ये पूर्ण झालेला गेम. सुटे भाग जोडून ड्रोन बनवायचा, ग्रह पोखरायचे, शत्रू उडवायचे. सेन्सर आणि लॉजिक गेट (आलेल्या सिग्नलवरून पुढे सिग्नल द्यायचा की नाही हे ठरवणारे भाग) लावले की ड्रोन स्वतःहून चालतो, पण मोहिमेत तोच ड्रोन हाताने उडवायचीही मुभा आहे. महिनाभर खेळलो. वळण चुकलं की हाताने सावरायचो. माझं एकही सर्किट पूर्ण झालं नाही, कारण पूर्ण करायची वेळच आली नाही.

याउलट १९८४ चा 'रोबोट ओडिसी' बघा. लर्निंग कंपनीचा, माइक वॉलेस आणि लेस्ली ग्रिम यांनी केलेला. ॲपल टू या जुन्या संगणकावर चालायचा, मी एम्युलेटरवर (त्याची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) खेळलो. यात आपण रोबोटच्या आतच शिरतो. चार बाजूंना रोबोटला ढकलणारे चार थ्रस्टर, भिंत लागली की सिग्नल देणारे चार बंपर, वस्तू पकडायला एक ग्रॅबर, एक अँटेना, आणि बाहेर बघायला पेरिस्कोप. बंपरची वायर थेट थ्रस्टरला जोडली, तर रोबोट भिंतीला टेकलेला असेपर्यंतच सिग्नल मिळतो. भिंत सुटली की सिग्नल गेला, थ्रस्टर बंद. म्हणजे 'मी मघाशी भिंतीला लागलो होतो' हे रोबोटला लक्षात ठेवायला हवं, आणि त्यासाठी मध्ये फ्लिपफ्लॉप, म्हणजे सिग्नल गेला तरी तो लक्षात ठेवणारं सर्किट. फ्लिपफ्लॉप मी कॉलेजात पाठ केला होता. तो कशासाठी असतो हे त्या रात्री कळलं. कीबोर्डने रोबोट पुढे ढकलता आला असता, तर मी तिथवर पोचलोच नसतो.

रातकिडा

अजिबात सहमत नाही.

मी चाकणला मेंटेनन्समध्ये आहे, रोज पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) लॅडरमध्ये, म्हणजे त्याच्या प्रोग्राममध्ये, डोकं घालतो. कुठल्याही पॅनेलवर ऑटो-मॅन्युअलचा सिलेक्टर असतोच. मॅन्युअलला टाकून एकेक सिलिंडर (मशीनचा भाग सरकवणारा दांडा) पुढे-मागे करून बघायचा, तो जागेवर पोचल्याचं सांगणारा रीड स्विच लागतोय का बघायचं, मग मशीन ऑटोला. थेट ऑटोला टाकलं तर टूल तुटतं, नाहीतर कुणाचा तरी हात अडकतो. खऱ्या यंत्रावर काम करणारा माणूस हाताचा ताबा सोडत नाही, आणि तुम्ही गेममध्ये तो काढून घ्या म्हणता?

दुसरं, नाव ॲक्शन गेम. समोरून गोळ्या येताहेत आणि मी नॉट गेट (सिग्नल उलटा करणारं) शोधत बसलोय, यात ॲक्शन कुठे आहे? ते कोडं झालं. कोडी मलाही आवडतात, पण मग कोडं म्हणूनच विका.

चौदापिनी

धागालेखकाच्या बाजूने, पण कारण वेगळं.

माझ्या मते प्रश्न ताब्याचा नसून वायर दिसण्याचा आहे. 'रोबोट ओडिसी'त वीज वाहत असली की वायर नारिंगी होते. चूक डोळ्यांना दिसते. 'निंबाटस'मध्ये गेटच्या इनपुटला कीबोर्डवरची एक की (बटण) नेमायची, आउटपुटला दुसरी. सेन्सर जणू ती की दाबतो. हुशारीची सोय आहे, पण कोण कोणाला जोडलंय हे मनात धरून ठेवावं लागतं. वीस भागांनंतर माझा तर गोंधळ उडतो.

पॉलिटेक्निकला असताना ७४०० या गेटच्या चिपच्या जागी ७४०२ ही दुसरी चिप लावून मी दोन तास घालवले होते. दोन्ही चौदा पिनांचे. पण ७४०० मध्ये पहिल्या गेटचं आउटपुट तिसऱ्या पिनेवर आणि ७४०२ मध्ये पहिल्याच पिनेवर. एलईडी पेटेना. प्रोब लावत एकेक पिन तपासली तेव्हा सापडलं. वायर दिसणाऱ्या गेममध्ये नेमकं हेच करता येतं, म्हणून तो आवडतो.

मधली सुट्टी

तुम्ही सगळे आधीपासून गेट जाणणारे आहात. माझी मुलगी अकरा वर्षांची. तिला 'रोबोट ओडिसी' दिला, तिसऱ्या दिवशी रडून बंद केला. 'निंबाटस' ती आधी हातानेच उडवत होती. मग एका रविवारी स्वतःहून विचारलं, "बाबा, शत्रू जवळ आला की आपोआप गोळी सुटेल असं करता येईल?" थेट ताबा नसता, तर हा प्रश्न तिने विचारलाच नसता. अजून अँड (दोन्ही सिग्नल हवेत) आणि ऑर (एकही चालतो) या गेटमध्ये अडते, पण खेळतेय.

ताम्रतार

@मधली सुट्टी, तुमच्या मुलीचा अनुभव मला खोडता येत नाही. शिकताना हात हवा, हे मान्य.

@रातकिडा, मॅन्युअल मोडमध्ये तुम्ही जॉब (तयार पीस) काढता का? नाही ना? तपासता, आणि उत्पादन ऑटोलाच. माझं म्हणणं तेवढंच आहे. 'रोबोट ओडिसी'तही इनोव्हेशन लॅब आहे, तिथे हवं तितकं करून बघा, सर्किट चिपमध्ये भरा. मैदानात उतरल्यावर मात्र हात नाही. 'निंबाटस'च्या स्पर्धांतही हाच नियम आहे. सुमोमध्ये दोन ड्रोन एकमेकांना ढकलतात आणि दोघांचे मालक नुसते बघत असतात. त्या अर्ध्या मिनिटाइतकी धडधड मला दुसऱ्या कुठल्या ॲक्शन गेमने दिलेली नाही. गोळ्या येताहेत आणि उत्तर तुम्ही अर्ध्या तासापूर्वी लिहून ठेवलंय. तीच ॲक्शन.

रातकिडा

जॉब निघत नाही हे खरं. पण लाइन अडली की रात्री दोनला सुपरवायझर काय म्हणतो माहितीये? "मॅन्युअलला घे, एवढा पीस बाहेर काढ, मग बघू." तो पीस हाताने सोडवून मशीन परत ऑटोला टाकणं, हेही कसबच आहे. गेममध्ये तेवढा सिलेक्टर मला हवाच. वापरला की गुण कापा, चालेल. पण काढून टाकू नका.

सुमो या शनिवारी बघतो. ड्रोनचा आराखडा आधी दाखवणार नाही.